साडेतेवीस अंशांनी आउट

फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर घरी न जाता थेट इथे आलेल्या मित्रांनो,

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्यांचं नाव निमंत्रणपत्रिकेवर छापलेलं आहे. माझ्या तोंडून मात्र ते निघत नाही. आयुष्यभर ज्यांना नुसतं ‘गुरुजी’ म्हटलं, त्यांचा आज माइकसमोर ‘कैलासवासी अमुक अमुक’ असा उल्लेख करताना जीभ अडखळते. तेव्हा मी गुरुजीच म्हणणार.

गुरुजी भूगोल शिकवायचे. शाळा जिल्हा परिषदेची, भोवती ज्वारीची शेतं, आणि लांबून कारखान्यांचे भोंगे ऐकू यायचे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली, पुढे बजाज आणि टेल्को आले, १९७० ला नगरपालिका झाली, १९८२ ला महापालिका. दर जूनमध्ये वर्गात नवी पोरं यायची, कुणी सांगलीचं, कुणी बीडचं, कुणी जळगावचं. शाळेच्या अंगणात गुरुजींनी भंगारातून आणलेला एक लोखंडी पाइप रोवला होता. जमिनीच्या वर बरोबर १ मीटर, ओळंबा लावून उभा केलेला. पाइपच्या उत्तरेला शहाबादी फरश्यांची एक ओळ होती. दुपारी सावलीचं टोक जिथे पडेल तिथे फरशीवर खिळ्याने ओरखडा काढायचा, हे काम आम्हा पोरांकडे पाळीपाळीने असायचं.

पाइपच्या दक्षिणेलाही एक फरशी होती. एकच. ती कशासाठी हे आम्हाला कितीतरी वर्षं कळलं नाही, कारण मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि जूनमध्ये शाळा उघडावी तर आभाळ भरलेलं.

माझी पाळी आली त्या पहिल्या दिवशी मी बाराच्या भोंग्याला ओरखडा काढला आणि पाठीत धपाटा खाल्ला. “बारा ही सरकारची दुपार. आपली अजून व्हायची आहे.” भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. आपण पावणेचौऱ्याहत्तरच्या जरासे पुढे. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर सूर्य आपल्या डोक्यावरची रेषा सरकारी बारानंतर ३५ मिनिटांनी ओलांडतो, आणि तेही सरासरीने. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपली खरी दुपार १२ वाजून १८ मिनिटांनी होते, फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४९ मिनिटांनी. म्हणजे डबा खायची सुट्टी बाराला झाली तर आपण वर्षभर सकाळीच जेवत असतो. हा अर्ध्या तासाचा फरक लक्षात ठेवा, पुढे एका कोड्याची उकल त्यात आहे.

पुढे मी टूलरूमला लागलो आणि उरलेलं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका मोजण्यात घालवलं. नव्या अप्रेंटिस पोरांना एक प्रश्न मी हमखास विचारायचो. उन्हाळा का होतो? पोरं हुशार, मायक्रोमीटर झोपेत वाचतील अशी. पण उत्तर बहुतेकांचं एकच, सूर्य जवळ येतो म्हणून. त्यांना हसायचा मला अधिकार नाही, मीही गुरुजींना हेच उत्तर दिलं होतं. चुलीजवळ गेलं की ऊब लागते, एवढंच ज्ञान आपण आकाशाला लावतो.

प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती ३-४ जानेवारीच्या सुमारास. तेव्हा अंतर १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असतं. सर्वांत लांब जाते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, १५ कोटी २१ लाख. पन्नास लाख किलोमीटरचा फरक पडतो, जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा सात टक्के उष्णता जास्त मिळते, आणि नेमक्या त्याच पहाटे आपल्याकडे बस थांब्यावर माणसं कानटोप्या घालून हात चोळत उभी असतात. अंतराचा हिशेब तिथेच निकालात निघतो.

खरं कारण सांगायला टूलरूमची भाषा सोयीची आहे. लेथवर धरलेला जॉब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने जरी डोलला तरी आमच्याकडे त्याला ‘आउट’ म्हणतात. डायल लावायचा, काटा किती हलतो ते बघायचं, आणि ठोकठाक करून जॉब सेंटरला आणायचा. पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते तो आस तिच्या सूर्याभोवतीच्या वाटेशी काटकोनात नाही. गुण्या लावला तर २३ अंश २६ मिनिटांची फट दिसेल. साडेतेवीस अंशांनी आउट! असा माल माझ्या टेबलावर आला असता तर लाल रंग फासून मी रिजेक्शनच्या पेटीत टाकला असता. आणि ही पृथ्वी मी ठोकून सरळ केली असती तर आपल्या अंगणातल्या पाइपची सावली बारा महिने, रोज दुपारी, ३४ सेंटीमीटर पडली असती. ना ज्येष्ठ, ना पौष. सगळं वर्ष म्हणजे एकच लांबलेला २१ मार्च.

मघाशी आपण मला शाल-श्रीफळ दिलंत. शाल राहू द्या, नारळ कामाचा आहे. शेंडी म्हणजे उत्तर ध्रुव धरा. ही समई सूर्य. शेंडी थोडी कलती धरतो, मागच्या भिंतीवरच्या त्या घड्याळाच्या दिशेने. आता मी समईला फेरी घालतो. मी कुठेही असलो तरी शेंडी घड्याळाकडेच राहणार.

(इथे वक्त्यांनी समईभोवती नारळ फिरवून दाखवला.)

इथे आलो, माझ्या आणि घड्याळाच्या मधे समई आहे. शेंडी समईकडे झुकलेली दिसते. हा २१ जून, दक्षिणायनाची सुरुवात. तिकडे गेलो, आता समई माझ्या पाठीशी आणि घड्याळ समोर. शेंडी अजूनही घड्याळाकडेच आहे, पण आता ती समईपासून लांब झुकलेली दिसते. हा २१-२२ डिसेंबर, उत्तरायणाची सुरुवात. या दोन्हींच्या मधल्या दोन जागी शेंडी समईकडेही नाही आणि लांबही नाही, बाजूला आहे. हे दोन संपातदिन, २०-२१ मार्च आणि २२-२३ सप्टेंबर. पुष्कळांची समजूत अशी की पृथ्वी जूनमध्ये मान इकडे टाकते आणि डिसेंबरमध्ये तिकडे. ती मान हलवत नाही. फिरते ती जागा, मान ताठ एकाच दिशेला. नाही म्हणायला तीही मान फिरवते, पण एका फेरीला २६ हजार वर्षं लावते. त्याच्याकडे नंतर येऊ.

आकाशात या घड्याळाच्या जागी ध्रुवतारा आहे. धुरातून दिसलाच तर हात लांब करून क्षितिजावर उभी वीत धरा, ध्रुव जेमतेम त्या वितीएवढा वर असतो, साडेअठरा अंशांच्या किंचित पुढे. तोच आपला अक्षांश.

आता कललं तर कललं, त्याने थंडी का पडावी? पेंट शॉपमधल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. पत्र्यासमोर गन सरळ धरली की रंगाचा गोल आटोपशीर पडतो आणि थर जाड बसतो. तीच गन तिरकी धरली की तेवढाच रंग लांबट पसरतो, थर पातळ होतो. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. डोक्यावर असताना १ चौरस मीटरवर पडणारं ऊन तेव्हा १.३५ चौरस मीटरवर पसरतं. थर पातळ. त्यात गन चालू राहण्याचा वेळही कमी. जूनमधला सर्वांत मोठा दिवस आपल्याकडे सव्वातेरा तासांना मिनिटभर कमी, डिसेंबरमधला सर्वांत लहान ११ तासांचा. तिरपेपणा आणि लहान दिवस, थंडीचा सगळा मामला या दोन गोष्टींचा आहे.

इथवर शाळेच्या पुस्तकात असतं. मला बोलायचं आहे ते पुस्तकात नसलेल्या आपल्या गावाबद्दल. पुस्तकातला सूर्य २१ जूनला सर्वांत वर असतो, कारण मूळ पुस्तकं युरोपात लिहिली गेली. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. सगळा महाराष्ट्रच, अगदी नंदुरबारचं उत्तर टोकसुद्धा, त्या वृत्ताच्या खाली येतो. त्यामुळे उत्तरेकडे निघालेला सूर्य वाटेत आपल्या डोक्यावरून जातो आणि परतताना पुन्हा एकदा जातो. सावंतवाडीला तो मेच्या पहिल्या आठवड्यात डोक्यावर येतो, पिंपरी-चिंचवडला १४ मेच्या आसपास. हाच शून्य सावलीचा दिवस. उभ्या पाइपची सावली त्याच्या बुडात जाते. त्या दिवसांत हा बिंदू रोज सुमारे २७ किलोमीटर उत्तरेला सरकतो. म्हणजे स्वारगेटहून चाकणला यायला सूर्याला एक दिवस लागतो. नाशिक फाट्यावर संध्याकाळी अडकलेल्या माणसाला हा वेग काही वाईट वाटू नये.

परतीचा शून्य सावलीचा दिवस २९-३० जुलैच्या सुमारास असतो. मी तो आजवर एकदाच पाहिला, तोही ढगांच्या फटीतून दोन मिनिटं.

या दोन तारखांच्या मधले अडीच महिने सूर्य भर दुपारी आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. गुरुजींची ती एकटी फरशी यासाठी होती. २१ जूनला तिच्यावर ८ सेंटीमीटर सावली पडायला हवी. मी ज्या जुन्या शेडमध्ये उमेदवारी केली तिचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं होतं. त्याला नॉर्थ लाइट म्हणत. काचा उत्तरेकडे, म्हणजे उजेड आत येतो पण ऊन येत नाही. रचना इंग्लंडच्या अक्षांशाला चोख. आमच्याकडे मेच्या उत्तरार्धात दुपारी त्याच काचांतून उन्हाची पातळ पट्टी मशिनच्या बेडवर उतरायची आणि जुने कारागीर तिथे गोणपाट टांगायचे. त्यांना कर्कवृत्त माहीत नव्हतं, गोणपाट कधी टांगायचं ते माहीत होतं.

मग जूनमध्ये, दिवस सर्वांत मोठा असताना, सर्वांत जास्त उकडायला हवं. उकडत नाही. आपला कडक उन्हाळा एप्रिल-मेमध्ये उरकतो, आणि तो सूर्य मागे फिरल्यामुळे संपत नाही, ढग आल्यामुळे संपतो. तेही त्याच साडेतेवीस अंशांचं काम आहे, जरा आडवळणाने. सूर्य उत्तरेला सरकला की जमीन समुद्राच्या आधी तापते, हवेच्या कमी दाबाचा पट्टा उत्तरेकडे येतो, विषुववृत्ताच्या पलीकडचे वारे ते वृत्त ओलांडतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळून नैर्ऋत्येकडून आपल्यावर येतात. सह्याद्रीला आपटून वर चढतात, थंड होतात, बरसतात. लोणावळ्याला वर्षाला ४ हजार मिलिमीटरहून अधिक, आणि घाटमाथा सोडून इकडे पुण्याच्या बाजूला आलं की सातशेच्या आसपास.

युरोपातले चार ऋतू आस आणि ऊन यांच्यात ठरतात. आपल्याकडे तिसरा भिडू आहे, वारा. म्हणून आपल्याकडे माणसं उन्हाळा, पावसाळा, हिवाळा म्हणतात, आणि वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर हे सहा ऋतू परीक्षेपुरते पाठ करतात. लढाईचं वर्षही याच पावसाने बांधलेलं होतं. १६६० च्या पावसाळ्यात शाइस्तेखानाने आपल्या चाकणला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तिथला संग्रामदुर्ग जवळपास दोन महिने लढवला. शौर्यासाठी तो वेढा लक्षात राहतोच, पण मला पावसाचंही अप्रूप वाटतं. मराठी मुलखात लढाईचा हंगाम दसऱ्याला सीमोल्लंघनाने सुरू व्हायचा आणि पेरणीच्या आत माणसं घरी यायची. चिखलात वेढा घालणं आपल्या वर्षात बसत नव्हतं.

पेरणीचं नाव निघालं की मृग आला. सूर्य मृग नक्षत्रात गेला की ७-८ जूनला मृग लागतो. जुन्या मराठी दप्तरांतलं शुहूर सन याच दिवशी बदलायचं, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. राज्याचं हिशेबाचं वर्ष पहिल्या पावसापासून सुरू व्हावं, इतकी साधी आणि शहाणी कल्पना मी दुसरी पाहिली नाही. पण तिच्यात एक खोट आहे. नक्षत्र म्हणजे ताऱ्यांचा पट्टा, आणि ऋतू ताऱ्यांवर चालत नाहीत, आसाच्या कलावर चालतात.

मघाशी म्हटलं, पृथ्वी २६ हजार वर्षांत एकदा मान फिरवते. थंड होत आलेला भोवरा जसा फिरता फिरता डोकं गोल फिरवतो तशी. तिला परांचन म्हणतात. त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांमधून मागे सरकतो आणि ताऱ्यांवर बांधलेलं वर्ष ऋतूंच्या पुढे जातं, साधारण ७१ वर्षांत एक दिवस. शिवकाळात मृग आजच्या कॅलेंडरने २-३ जूनलाच लागत असे. आज आर्द्रा लागतात तो दिवस, २१-२२ जून, अयनदिनाशी येऊन ठेपला आहे. आणखी दोन हजार वर्षांनी मृग जुलैत लागेल आणि जो शेतकरी नक्षत्र बघून चाड्यावर मूठ धरेल त्याची पेरणी वाया जाईल.

हीच गत संक्रांतीची. मकर संक्रांत म्हणजे उत्तरायण, असं आपण तिळगूळ देताना म्हणतो. सूर्य उत्तरेला वळतो तो २२ डिसेंबरलाच. या दोन गोष्टी एका दिवशी येत होत्या त्याला सुमारे १७०० वर्षं झाली. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, तारीख १२ जानेवारी १८६३. आज संक्रांत १४ किंवा १५ ला येते. पानिपत संक्रांतीला झालं असंही आपण म्हणतो. ती तारीख १४ जानेवारी १७६१. मागे हिशेब केला तर त्या वर्षी सूर्य १० जानेवारीच्या सुमारासच मकरेत गेलेला होता. पानिपतावर जी कोसळली ती संक्रांत आपल्या भाषेतली, पंचांगातली नव्हे.

महाराष्ट्रात यावर मोठी भांडणं झाली आहेत, आणि चांगली झाली आहेत. मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित शिक्षक होते. त्यांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. पंचांग सायन असावं, म्हणजे सावलीशी जुळावं, असा त्यांचा आग्रह. लोकमान्यांनी त्याआधी १८९३ ला ‘ओरायन’मध्ये वसंतसंपात एकेकाळी मृगात होता यावरून वेदांचा काळ मोजला होता. संपात सरकतो यावर ज्यांनी ग्रंथ रचला त्यांनीच पंचांग मात्र निरयन, ताऱ्यांशी बांधलेलं, पसंत केलं. शून्यबिंदू वेगळा धरल्यामुळे टिळक पंचांगाची संक्रांत आजही १० जानेवारीला येते. एका सणाला तीन तारखा, २२ डिसेंबर, १० जानेवारी, १५ जानेवारी, आणि तिन्हींच्या पाठीशी पक्कं गणित. टिळकांबद्दल आदर ठेवून सांगतो, या वादात माझं मत दीक्षितांच्या बाजूने आहे.

दिल्लीने १९५२ ला मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीत नागपूरचे के. ल. दप्तरी आणि ‘केसरी’चे ज. स. करंदीकर होते. तिने दिलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून सुरू झाली. तिचा चैत्र वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी लागतो आणि कधी सरकत नाही. ती आकाशवाणीवर ऐकू येते, राजपत्रावर छापली जाते, आणि एकाही घरात तिच्यावरून पुरणपोळी होत नाही.

आता ते कोडं. फर्स्ट शिफ्टच्या एका फिटरने मला एकदा जानेवारीत गाठलं. म्हणाला, “साहेब, बावीस डिसेंबरपासून दिवस वाढतो म्हणता. मी रोज पावणेसातला गेटवर कार्ड पंच करतो. डिसेंबरपेक्षा आता जास्त अंधार आहे.” मी त्याला आधी भ्रम म्हणालो. मग घरी येऊन वेळा काढल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मशिनवर जाऊन चूक कबूल केली. २२ डिसेंबरला आपल्याकडे सूर्योदय ७ च्या जरा पुढे होतो. संक्रांतीला तो ७ वाजून ९ मिनिटांच्या आसपास, म्हणजे आणखी उशिरा! दिवस या तीन आठवड्यांत सहा-सात मिनिटांनी वाढलेला असतो, पण सगळी वाढ संध्याकाळच्या पदरात पडते.

कारण ती सरकारी आणि खरी दुपार. या दिवसांत पृथ्वी सूर्याजवळ असते, म्हणून वेगाने धावते, त्यात आसाचा कल. दोन्ही मिळून सूर्याचा एक दिवस २४ तासांहून सुमारे अर्ध्या मिनिटाने लांबतो. २३ दिवसांत ११ मिनिटं. खरी दुपार १२:३३ वरून १२:४४ वर जाते आणि सकाळ-संध्याकाळ दोघींना ओढत नेते. दिवस दोन्ही टोकांनी तीन-तीन मिनिटं वाढतो, पण दुपारच अकरा मिनिटं उशिरा झाल्याने सकाळ आठ मिनिटं मागे राहते. जानेवारीचा तिसरा आठवडा उलटला की मग पहाट खरोखर लवकर होऊ लागते.

मला यात गंमत अशी वाटते की आपल्या आज्ज्या संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणायच्या, आणि गणिताने त्या तीन आठवडे चुकलेल्या होत्या. पण पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईला दिवस संध्याकाळचा दिसत नाही, सकाळचा दिसतो. या अक्षांशावर, या शतकात, तिच्या सकाळीने तिला खोटं पाडलेलं नाही.

सावलीवर भरवसा ठेवणारी एक जागा आपल्याकडे आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात आणि मूर्तीच्या पायांपासून चेहऱ्यापर्यंत चढतात. त्या किरणोत्सवाचे दिवस ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. इतर सगळे उत्सव तिथीने, हा तारखेने. आता बोटं मोजा. १० नोव्हेंबरपासून २२ डिसेंबर ४२ दिवसांवर आहे, आणि तिथून १ फेब्रुवारी ४१ दिवसांवर. सूर्य जाताना ज्या जागी मावळला त्याच जागी परत येताना मावळतो, आणि त्याचं वळण बरोबर मधे आहे. देऊळ बांधणाऱ्यांनी २२ डिसेंबर कुठे लिहून ठेवला नाही, पण दोन्हीकडचे दिवस मोजले की तो हाती लागतो. किरण ढगांनी अडतात, वाटेतल्या बांधकामांनी अडतात, तरी लोक दरवर्षी जमतात.

आपल्याकडे तसं देऊळ नाही. तळेगाव-चाकण रस्ता आहे. तो साधारण पूर्व-पश्चिम जातो. डिसेंबरपासून जूनपर्यंत उगवतीची जागा क्षितिजावर जवळपास ५० अंश सरकते आणि मार्च-सप्टेंबरच्या संपाताच्या सुमारास ती पूर्वेला येते. त्या आठवड्यात सकाळी चाकणकडे येणाऱ्या कंटेनरचा ड्रायव्हर काचेवर हात आडवा धरून गाडी चालवतो. संपात त्याच्याइतका कुणालाच जवळून दिसत नसेल.

गुरुजींची शाळा आता नव्या इमारतीत आहे. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा पाइप गेला, फरश्याही गेल्या. हळहळण्यात अर्थ नाही, शहर वाढतं तेव्हा अंगणं जातात. पण या पट्ट्यात जितके ओळंबे, गुण्ये, पाणसळी आणि मायक्रोमीटर असतील तितके महाराष्ट्रात क्वचितच कुठे असतील. चिंचवडला सायन्स पार्क आहे, तारांगण आहे, तिथे मुलांना जरूर न्या. मात्र ऋतू बघायला तिकीट लागत नाही. मोकळी गच्ची चालेल, कंपनीतली कँटीनमागची जागा चालेल. छपरांवर सोलर पॅनेल बसवणारी पोरं ती दक्षिणेकडे किती कलती ठेवायची ते अंशात जाणतात, त्यांना मदतीला घ्या.

१ मीटरचा पाइप उभा करा. येत्या २२ डिसेंबरला दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा आणि टेप लावा. पिंपरी असो वा चाकण, सावली ९० सेंटीमीटरच्या किंचित पुढे भरायला हवी. दोन सेंटीमीटरहून जास्त फरक आला, तर सूर्याला काही म्हणायच्या आधी ओळंबा तपासा.